गाईला पुरी-खीर नको, गवताची पेंढी द्या

वाचक विचारतात : गुराढोरांच्या डॉक्टरांना

पितृपंधरवडा जवळ आला की या सदराकडे गाईविषयीची पत्रं वाढतात. यंदाचं पहिलंच पत्र इतकं महत्त्वाचं आहे, की त्याला जास्त जागा देते. बाकीच्यांनी समजून घ्यावं.

प्रश्न : आमच्याकडे पितृपक्षात गोग्रास काढतात. घराजवळच्या देवळाबाहेर एक मावशी गाय घेऊन बसतात. मागच्या वर्षी मी पान वाढून घेऊन गेले. भात, वरण, पुऱ्या, तांदळाची खीर, उडदाचे वडे, सगळं होतं. मावशींनी एकच घास गाईला घालू दिला आणि म्हणाल्या, "ताई, बाकीचं परत न्या. सकाळपासून किती पानं आली! माझी गाय मरेल." मला फार वाईट वाटलं. सासूबाईंचं म्हणणं, त्यांना गवताच्या पेंढ्या विकायच्या असतात म्हणून त्या असं बोलतात. खरं काय मानायचं?
— एक गृहिणी, नौपाडा, ठाणे

उत्तर : सासूबाईंना माझा नमस्कार सांगा आणि हेही सांगा, की त्या मावशी अगदी खरं बोलल्या. पेंढ्या विकून त्यांना चार पैसे मिळतात, त्यावर त्यांचं घरही चालतं आणि गाईचं वैरणपाणीही. त्यात गैर काही नाही. पण पुरी-भाताची वीस-पंचवीस पानं एका दिवसात पोटात गेली, तर गाय खरोखर मरते. अशा गाई मी पाहिल्या आहेत.

हे का होतं ते नीट सांगते. एकदा कळलं की पुन्हा कुणाला समजावताना तुम्ही अडखळणार नाही.

"गाईला चार पोटं असतात" असं आपण शाळेत पाठ केलेलं असतं. खरं तर पोट एकच, त्याचे कप्पे चार. पहिलं कोठीपोट, दुसरं जाळीपोट, तिसरं पडदेपोट आणि चौथं खरं पोट. आपल्या जठरासारखं आम्ल पाझरतं ते फक्त चौथ्यात. पहिल्या कोठीला आम्ही डॉक्टर रूमेन म्हणतो. मोठ्या गाईची ही कोठी शंभर ते दोनशे लिटरची असते आणि पोटाची जवळजवळ सगळी डावी बाजू तिनेच व्यापलेली असते. गंमत अशी, की एवढ्या मोठ्या कोठीत गाईचा स्वतःचा पाचकरस थेंबभरही नसतो. तिथलं सगळं काम जंतू करतात. त्या द्रवाच्या एका मिलिलिटरमध्ये अब्जावधी जिवाणू असतात, शिवाय एकपेशीय प्राणी आणि बुरश्या वेगळ्याच. गवताचा चोथा पचवणं गाईला स्वतःला अजिबात जमत नाही, तुम्हाआम्हाला जमत नाही तसंच. हे जंतू तो चोथा फोडतात. त्यातून जी आम्लं तयार होतात, ती कोठीच्या भिंतीतून रक्तात शोषली जातात. गाईला लागणाऱ्या ऊर्जेचा सुमारे सत्तर टक्के भाग त्यांतूनच येतो. हेच जंतू पुढे वाहत चौथ्या पोटात जातात आणि तिथे पचतात, म्हणजे गाईला प्रथिनंही मिळतात. तुम्ही गाईसमोर जे टाकता, ते आधी या जंतूंच्या पंगतीत वाढलं जातं. गाईची पाळी त्यांच्यानंतर.

जंतूंना त्यांचं पाणी फार आंबट झालेलं चालत नाही. ते आंबट होऊ नये याची सोय गाईच्या लाळेत आहे. लाळेत खाण्याच्या सोड्यातला क्षार असतो आणि मोठी गाय दिवसाला शंभर लिटरच्या वर लाळ गिळते. एवढी लाळ सुटते ती चघळण्यानं. म्हणून तर ती दिवसातले सहा ते आठ तास रवंथ करत बसते. आणि रवंथ कशानं सुरू होतं? काड्याकाड्यांचा खरखरीत चारा कोठीच्या भिंतीला घासला, टोचला, की त्या जाणिवेनं. कडबा, पेंढा, गवत यांनी हे होतं. भातानं, खिरीनं, पुरीनं होत नाही.

आता पानावरचं जेवण कोठीत गेलं की काय होतं पाहा. शिजलेला भात, मैदा, गूळ, साखर हे सगळं झटकन आंबणारं. उन्हाळ्यात इडलीचं पीठ रात्रीत डब्याबाहेर येतं, तसा तिथे एकदम जोर होतो. साखर-पिठावर वाढणारे जिवाणू बेसुमार माजतात आणि लॅक्टिक आम्ल तयार करत सुटतात. इकडे चघळायला काही नाही, त्यामुळे रवंथ नाही आणि पुरेशी लाळही नाही. पाणी आंबट होत जातं, चोथा पचवणारे चांगले जंतू मरतात, कोठी हलायची थांबते. दाट झालेला तो आंबट द्रव रक्तातलं पाणी आत ओढून घेतो. म्हणजे पोट पाण्यानं तुडुंब आणि अंग मात्र कोरडं. याला आम्ही ॲसिडोसिस म्हणतो. तबेल्यातली माणसं "आंबोण चढलं" किंवा "दाणा लागला" म्हणतात.

सर्वपित्री अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी सकाळी कळव्यात अशाच एका गाईसाठी मला बोलावलं होतं. आदल्या दिवशी दुपारपर्यंत तिला पानं येत होती आणि मालक घरी नव्हता. मी पोहोचले तेव्हा ती मान एका कुशीवर टाकून बसली होती. डोळे खोल गेलेले, नाक कोरडं, मधूनमधून दात करकरत होती. डाव्या भकाळीवर, म्हणजे शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्यामधल्या खळग्यावर, मूठ दाबली की आत पाणी डुचमळल्याचा आवाज येई. निरोगी गाईची कोठी तिथे मिनिटाला एक-दोनदा तुमची मूठ उचलते; इथे काहीच हालत नव्हतं. शेण पातळ, पिवळट, आंबूस वासाचं आणि त्यात भाताची अख्खी शितं. तोंडातून नळी घातली तर ताकाच्या रंगाचं पाणी बाहेर आलं. त्याला आमचा रंगपट्टीचा कागद लावला आणि आम्लता कुठवर गेली ते कळलं. मग कोठी धुणं, शिरेतून सलाईन, सोडा, आणि शेवटी दुसऱ्या निरोगी गाईच्या कोठीतलं पाणी गाळून हिला पाजणं, असं सगळं केलं. तिसऱ्या दिवशी तिनं कडब्याची काडी तोंडात घेतली. पण खुरांना सूज आली होती, ती दिवाळीपर्यंत टिकली. या आजारात खुरं दुखतात हे फार जणांना माहीत नसतं. पोट बिघडलं की गाय लंगडते, तेही याच आम्लामुळे.

ती वाचली कारण मालकानं सकाळीच फोन केला. लक्षणं दिसायला बारा ते चोवीस तास लागतात आणि बऱ्याचदा तोवर उशीर झालेला असतो.

मग गोग्रासाचं काय करायचं? जरूर घाला. शास्त्रात ग्रास म्हटलं आहे, म्हणजे घास. एक घास पानावरचा घाला, बाकी पेंढी घ्या. सुकं गवत किंवा कडबा सगळ्यांत चांगला. पावसाळी ओलं गवत द्यायचं तर सुक्यात मिसळून. कोवळा, ओला लसूणघास उपाशी गाईनं भरपूर खाल्ला तर फेसाळ गॅस होऊन तेवढ्यावरही पोट फुगतं. घरची एखादी कोरडी पोळी चालते. दिवसभरात गाईला ती एकच मिळणार असेल तर. पण देवळाबाहेरच्या गाईला तुम्ही एकट्याच पोळी घालत नसता, एवढं लक्षात ठेवा. आणि उरलेलं पान घरातल्या माणसांनीच जेवावं, त्यात पितरांचा काही अवमान नाही.

एक हात जोडून विनंती. गाय जागेवर नसली म्हणून तो नैवेद्य पिशवीला गाठ मारून कट्ट्यावर ठेवून येऊ नका. गाईला वरचे पुढचे दात नसतात, तिथे कडक गादी असते. ती जिभेनं ओढून गिळते, निवडत बसत नाही. गाठ मारलेली पिशवी आतल्या भातासकट जाते. प्लास्टिक कोठीत सडत नाही, पुढेही सरकत नाही, वर्षानुवर्षं साठतं. मी डावी भकाळी उघडून शस्त्रक्रिया केल्या आहेत. खांद्यापर्यंत हात आत घालून पिशव्या, दोऱ्या, दुधाच्या रिकाम्या थैल्या यांचा घट्ट पिळलेला गोळा बाहेर ओढावा लागतो आणि तो घमेल्यात मावत नाही. खिळा किंवा तार गेली तर गोष्ट आणखी वाईट. जड वस्तू जाळीपोटात जाऊन बसते. जाळीपोटाच्या पुढे फक्त छाती आणि पोट यांच्यामधला पडदा आणि त्याच्यापलीकडे हृदय. जाळीपोट प्रत्येक वेळी आकसतं तेव्हा ती तार थोडी थोडी पुढे रुतत जाते. २०१८ मध्ये राज्यात प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आली, तरी गाईंच्या पोटातून त्या अजूनही निघतात.

प्रश्न : मी सातवीत आहे. बाईंनी वर्गात विचारलं, खूर असलेले सगळे प्राणी रवंथ करतात का? मी हो म्हणालो. माझा मित्र म्हणतो डुक्कर करत नाही आणि ससा करतो. कोण बरोबर? आणि अशा प्राण्यांना एकच शब्द आहे का?
— एक विद्यार्थी, ऐरोली, नवी मुंबई

उत्तर : शब्द आहे. रवंथ करणारे ते रवंथी प्राणी. काही पुस्तकांत तुला रोमंथीही दिसेल. इंग्रजीत रूमिनंट, तो शब्द रूमेनशी जोडलेला आहे. तुला कोणताही वापरता येईल.

डुकराबद्दल तुझा मित्र बरोबर, सशाबद्दल नाही.

आधी खूर मोजायला शीक. गाय, म्हैस, शेळी, मेंढी, हरीण, जिराफ यांचा खूर दुभंगलेला असतो. यांना समखुरी म्हणतात. घोड्याला एकच खूर, गेंड्याला तीन; ते विषमखुरी. रवंथी प्राणी समखुरी गटात येतात, पण समखुरी म्हटला की तो रवंथ करतोच असं नाही. डुकराचा खूर दुभंगलेला आहे, पोट मात्र साधं, एका कप्प्याचं. पाणघोड्याच्या पोटाला अनेक कप्पे आहेत, पण तो घास परत तोंडात आणत नाही. घोडा गवत खाऊन जगतो, तरी रवंथ नाही. त्याचे जंतू पोटाच्या मागे, मोठ्या आतड्यात असतात. म्हणून तो पहिल्याच वेळी नीट चावतो आणि दिवसभर खात राहतो. ससा सारखा तोंड हलवतो म्हणून फसायला होतं. तो आपल्याच मऊ लेंड्या पुन्हा खातो आणि त्यातून दुसऱ्यांदा पोषण मिळवतो. युक्ती हुशारीची, पण ती रवंथ नाही, आणि सशाला खूरही नाहीत.

उंटावर मात्र बाईंशी चर्चा कर. उंट रवंथ करतो, यात शंका नाही. पण त्याच्या पोटाला तीन कप्पे आणि पायाला खुरांऐवजी गादीसारखे तळवे. म्हणून शास्त्रज्ञ त्याला रवंथींच्या मुख्य गटात न धरता वेगळ्या शाखेत ठेवतात. मुख्य गटात आज सुमारे दोनशे जाती आहेत. हरणं, गाई-शेळ्या-काळवीट, जिराफ, कस्तुरीमृग, अमेरिकेतला प्राँगहॉर्न आणि पिसोरी हा हरणासारखा इवलासा प्राणी, अशी त्यांची सहा कुळं.

तुला एक काम देते. जवळच्या गावठाणात कुणाकडे गाय किंवा म्हैस असेल तर दुपारी, ती खाऊन सावलीत बसल्यावर जा. जवळ जाऊन त्रास देऊ नकोस, मानेची डावी बाजू दिसेल असा बस. थोड्या वेळानं ती एक दीर्घ श्वास घेतल्यासारखं करेल आणि मानेच्या कातडीखालून एक गोळा सरसर वर चढताना दिसेल. तोंडात आल्यावर ती आधी त्यातलं पाणी गिळते, तोही एक घोट खाली जाताना दिसतो. मग चघळणं सुरू. जबडा वरखाली होत नाही, आडवा फिरतो. मोज. साधारण चाळीस ते साठ वेळा चघळून ती गिळेल, काही सेकंद थांबेल आणि पुढचा गोळा येईल. वासरू लहान असेल तर त्याचंही निरीक्षण कर. दूध पिताना वासराच्या अन्ननलिकेच्या टोकाला एक पन्हळ तयार होते आणि दूध कोठीत न पडता थेट चौथ्या पोटात जातं. त्याची कोठी तेव्हा लहान, निकामी असते. ते गवत चाटायला, चावायला लागलं की ती वाढू लागते.

रानात ही सोय का लागली असेल, याचाही विचार कर. उघड्या माळावर वाघ-बिबट्याच्या भीतीनं भराभर गिळायचं आणि आडोशाला जाऊन निवांत चघळायचं, हे तिच्या पूर्वजांच्या फायद्याचं होतं.

प्रश्न : गाई-म्हशींच्या ढेकरांमुळे पृथ्वी तापते असं वाचलं. मग तबेले बंदच करायला हवेत का?
— एक वाचक, वाशी

उत्तर : ढेकर खरी आहे. कोठीतले काही सूक्ष्मजीव हायड्रोजन वापरून मिथेन हा पृथ्वी तापवणारा वायू बनवतात आणि तो बहुतेक सगळा तोंडावाटे बाहेर पडतो. मोठी गाय दिवसाला अडीचशे ते पाचशे लिटर मिथेन सोडते. पण ढेकर थांबली तर गाय तासा-दोन तासांत फुगून मरेल. उपाय तिच्या चाऱ्यात आहे. निकृष्ट, नुसत्या वाळक्या काडावर ठेवलेलं जनावर थोडं दूध देतं आणि दर लिटर दुधामागे जास्त मिथेन सोडतं. चांगला चारा, निरोगी जनावर आणि शेणाचा गोबरगॅस एवढं केलं तरी खूप आहे.

प्रश्न : येऊरला सकाळी फिरायला जातो. एकदा सशाएवढं, ठिपक्या-पट्ट्यांचं काहीतरी झुडपातून पळालं. सोबतचे म्हणाले हरणाचं पाडस. शिवाय काही लोक चितळांना बिस्किटं टाकतात. ते बरं का?
— एक ज्येष्ठ नागरिक, ठाणे

उत्तर : येऊर हे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं ठाण्याकडचं दार. सुमारे १०४ चौरस किलोमीटरच्या त्या जंगलात चितळ, सांबर, भेकर आहेत आणि पिसोरीही. तुम्ही पाहिलंत ते कदाचित पिसोरी असेल. वजन तीनेक किलो, शिंगं नाहीत, नराला सुळे आणि पाठीवर पांढरट ठिपक्यांच्या ओळी. तिच्या पोटाचा तिसरा कप्पा नीट वाढलेला नसतो, म्हणून रवंथींमध्ये ती सर्वांत जुन्या वळणाची मानली जाते. ती दिसणं मोठं भाग्याचं. ती बहुधा रात्री वावरते.

बिस्किटं अजिबात नकोत. वर गाईबद्दल जे लिहिलं ते चितळाला जसंच्या तसं लागू आहे आणि तिथे नळी घालायला कुणी डॉक्टर येणार नाही. कुणी टाकताना दिसलं तर वनरक्षकांना सांगा.

प्रश्न : घणसोलीत आमच्याकडे चार शेळ्या आहेत. परवा शेजारच्या लग्नातलं उरलेलं खाऊन एक शेळी मलूल झाली, रवंथ बंद. आमचे आजोबा म्हणतात, दुसऱ्या शेळीच्या तोंडातलं रवंथ काढून हिच्या तोंडात घाला, गुण येतो. बायको म्हणते हे खुळं आहे.
— एक शेळीपालक, घणसोली

उत्तर : आजोबा खुळे नाहीत. निरोगी जनावराच्या रवंथात जिवंत जंतू असतात. ज्या जनावराच्या कोठीतले जंतू मेले, त्याला ते पाजले की कोठी पुन्हा चालू होते. कळव्याच्या गाईला मी हेच केलं, फक्त मोठ्या प्रमाणावर. परळच्या आमच्या पशुवैद्यकीय कॉलेजात, जे १८८६ पासून चालू आहे, हा उपाय शिकवला जातो.

पण तुमच्या शेळीला आज तो पुरणार नाही. लग्नातला पुलाव आणि जिलबी पोटात असताना कोठी आंबट आहे. नवे जंतू तिथे गेले तर तेही मरतील. आधी आंबटपणा उतरवायला हवा, मग रवंथ. तेही तुमच्याच दुसऱ्या निरोगी शेळीचं. बाहेरच्या कळपातली शेळी आणू नका, पीपीआर आणि लाळ्या-खुरकूत हे साथीचे रोग असेच पसरतात.

डॉक्टर येईपर्यंत हे करा. पाणी ठेवा, दाणा आणि शिळं अन्न पूर्ण बंद, थोडा वाळका पाला समोर ठेवा. ती आडवी पडत असेल तर पोत्यांचा टेकू देऊन छातीवर बसती ठेवा. बाटलीनं तेल किंवा काढा ओतू नका. तोंड वर करून जबरदस्तीनं पाजलं की ते फुप्फुसात जातं आणि शेळी पोटाच्या नाही, न्युमोनियाच्या आजारानं जाते. डाव्या भकाळीवर तळवा ठेवून दोन मिनिटं थांबा. एकदाही हालचाल जाणवली नाही, किंवा भकाळी नगाऱ्यासारखी ताठ वाजत असेल, तर सकाळची वाट पाहू नका. १९६२ हा पशुवैद्यकीय सेवेचा टोल फ्री क्रमांक आहे, त्यावर लगेच फोन करा. शेळीनं काय खाल्लं, किती वाजता खाल्लं आणि शेवटचं रवंथ करताना तिला कुणी कधी पाहिलं, हे तीन प्रश्न डॉक्टर आधी विचारतील. उत्तरं आत्ताच घरातल्यांना विचारून ठेवा.